मध्येच थांबलेली होडी

मिठाच्या सत्याग्रहाचा तो उन्हाळा. रत्नागिरीच्या कचेरीत मी कारकून होतो. भाट्याची खाडी रोज एकाच माणसाच्या होडीतून ओलांडायचो, पण त्याचं नाव कधी विचारलं नाही. कुणी उतरू लागलं की तो होडीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवायचा.

त्या सकाळी फौजदार चार लाठीवाले शिपाई आणि पंचनामा लिहायला मला घेऊन होडीत चढला. पलीकडच्या काठावर माणसं मीठ करत होती. मधोमध येताच होडीवाला थांबला.

“सायब, ती माजीच मानसं. त्यांना माराया मीच तुमाला न्हेऊ?”

फौजदाराने त्याच्या थोबाडीत मारली. त्यावर त्याने दोन्ही वल्ही हलकेच पाण्यात सोडून दिली. ओहोटी आम्हाला समुद्राकडे ओढू लागली. मी भीतीने होडीची कड घट्ट धरली. तो मात्र शांत बसून होता. दुपारी मासेमारीच्या एका मचव्याने आम्हाला काठाला आणलं आणि त्याला बेड्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी सगळे होडीवाले वाळूत बसून होते. फौजदार ओरडत होता. कुणी उठेना.

सरकार आमच्या कचेरीतून चालतं, अशी माझी समजूत होती. त्या दिवशी ते घामाघूम होऊन काठावर उभं होतं.