मागच्या दारातल्या चपला

बाई कुठेही गेल्या की आधी बसत नसत. लग्न असो, बारसं असो, नाहीतर कलेक्टर कचेरीतली बैठक असो, समोरचा खुर्ची पुढे करायचा आणि बाई उभ्या उभ्या विचारायच्या, "बाहेर जायचं दुसरं दार कुठंय?" ते दार डोळ्यांनी बघून, जमलं तर हाताने उघडून पाहिल्याशिवाय त्यांच्या घशाखाली पाणी उतरत नसे. पदाने त्या सरकारी कारखाना निरीक्षक. पण खालापूरपासून कर्जतपर्यंत कामगारांत त्यांचं नाव एकच, दारवाल्या बाई. ते त्यांना ठाऊक होतं आणि माझ्या मते आवडतही होतं.

माझ्या पुतणीच्या लग्नाला त्या कडावला आल्या होत्या. अक्षता पडायच्या आधी बाई स्वयंपाकाच्या बाजूने कार्यालयाला वळसा घालून आल्या. मुलाच्या मामाला वाटलं, पाहुण्यांना भूक अनावर झाली. त्याने अदबीने विचारलं, पहिल्या पंगतीला बसता का? बाई म्हणाल्या, बसते की, पण मागच्या दाराला सिलिंडर टेकवून ठेवलेत ते आधी हलवा. मामाने पोरांना हाका मारून सिलिंडर हलवले आणि नंतर तोच दिवसभर येईल त्या पाहुण्याला मागचं दार दाखवत हिंडत होता. बाईंची लागण अशी चटकन व्हायची.

मी खालापूरला कामगारांना सुरक्षिततेचं प्रशिक्षण देणारी एक लहानशी संस्था चालवतो. जागा म्हणजे बंद पडलेल्या भातगिरणीचं गोदाम. निरीक्षक म्हटलं की आमच्यासारखे आधी कागदपत्रं शोधायला लागतात, तसा बाई पहिल्यांदा दारात उभ्या राहिल्या तेव्हा मीही लागलो. पण पोती काढायला ठेवलेलं मागचं रुंद दार बघून त्या इतक्या खूश झाल्या की चक्क बसल्या. चहा घेता घेता म्हणाल्या, "मास्तर, मी कारखान्यात पाय ठेवला की मालक बिस्किटं मागवतो आणि कामगार मुका होतो. तुमच्यापुढं तो बोलतो, पण तुमचं मालक ऐकत नाय. आपण दोघं एक झालो तर काहीतरी होईल." त्यांच्या डोक्यात सगळं तयार होतं. खात्याने आमच्याशी करार करायचा, कारखान्यांना माणसं पाठवायला लावायचं, आम्ही शिकवायचं आणि बाईंनी येऊन तपासायचं. मला तर देवच पावला. फी भरून माणसं पाठवणारे कारखाने तेव्हा शोधूनही सापडत नव्हते आणि करार झाला नाही तर गोदामाची किल्ली मालकाला परत द्यायची, असं मी घरी सांगूनही टाकलं होतं.

करार होईपर्यंत आम्ही शनिवारी वर्ग सुरू केले. पहिल्याच वर्गात मी फळ्यावर बाण काढून मागचं दार समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग बाईंनी अचानक दिवे घालवले आणि ओरडल्या, "आग लागली रं, पळा!" अख्खा वर्ग पुढच्या दाराकडे धावला. दारात ही गर्दी, ही रेटारेटी. दिवे लागले तेव्हा तिथे जो तो वाकून आपापल्या चपला शोधत होता.

मी कपाळावर हात मारून घेतला. बाई मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, यांचं काही चुकलं नाही मास्तर, माणूस चपला काढतो तिथंच त्याचा जीव असतो. पुढच्या शनिवारपासून आमच्याकडे नियम झाला: गोदामाला वळसा घालून यायचं, चपला मागच्या दारात काढायच्या आणि तिथूनच आत शिरायचं. पावसाळ्यात चिखल तुडवत यावं लागायचं, लोक कुरकुरायचे. बाई स्वतः चिखलातून यायच्या, त्यामुळे कुणाला फार बोलता येत नसे.

एवढा दाराचा ध्यास कशामुळे, असं मी एकदाच विचारलं. आम्ही त्यांच्या पोशीरच्या घरी ओटीवर बसलो होतो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, समोर मागच्या दारापर्यंत मोकळं घर, मध्ये एक पाटही नाही. नोकरीच्या सुरुवातीला एका वर्कशॉपच्या आगीच्या चौकशीला त्या गेल्या होत्या, इतकंच त्यांनी सांगितलं. मग मागच्या दाराकडे बघत म्हणाल्या, "दार होतं, मास्तर. कुलूपही चांगलं होतं." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

कराराचा दिवस ठरला. बाईंचे वरचे साहेब येणार, कारखानदार येणार. आमच्या सुदामने, म्हणजे ऑफिस सांभाळणाऱ्या आमच्या एकुलत्या एक माणसाने, रात्रीचा दिवस करून हॉल सजवला. बाई कामामुळे जरा उशिरा पोचल्या. तोवर साहेब स्टेजवर बसले होते, हार घालून झाले होते, माझं स्वागताचं भाषण तोंडावर आलं होतं. बाई पुढच्या दारातच थबकल्या. मी खुणेने बसा म्हटलं, तर त्या बसेनात. त्या बघत होत्या तिकडे मी बघितलं आणि भाषणाचा कागद घडी घालून खिशात टाकला. मोकळी भिंत हवी म्हणून सुदामने स्टेज नेमकं मागच्या दारापुढे टाकलं होतं, आणि दारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बॅनर लावला होता: सुरक्षितता सर्वप्रथम.

बाई सरळ साहेबांकडे गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, तुमच्या पाठीमागं दार हाय. स्टेज हलवूया, मग सही." साहेबांना वाटलं चेष्टा आहे. ती नाही हे कळल्यावर त्यांचा चेहरा लाल झाला. स्टेज उपसून दुसरीकडे लावायला अर्धा तास गेला. तेवढ्यात साहेबांना दुसऱ्या बैठकीची आठवण झाली आणि ते सही न करता निघून गेले. मी बाईंवर असा चिडलो की विचारू नका. एवढा एक दिवस दार झाकलेलं राहिलं असतं तर काय बिघडलं असतं, असं तोंडावर बोललो. बाई म्हणाल्या, "आज शंभर माणूस आत होतं, मास्तर. वर्गाला येतं त्याच्या कितीतरी जास्त." तरी माझा राग काही गेला नाही.

फाईल लटकली. शनिवारी कामाच्या वेळेत वर्ग घ्यायला खात्याने बाईंना मनाई केली, तर बाई सुट्टीच्या रविवारी स्वतःच्या पैशाने रिक्षा करून शिकवायला येऊ लागल्या. कडावजवळच्या एका फरसाणाच्या युनिटमधल्या पॅकिंगच्या बायका तेवढ्या नेमाने यायच्या. त्यांनी आपल्या युनिटमध्येही चपला मागच्या दारात काढायला सुरुवात केली होती. मालक हसायचा, पण दार उघडं ठेवायचा.

एका दुपारी त्या युनिटमध्ये तळणाच्या कढईने पेट घेतला. कढई पुढच्या दाराजवळ. धुराने हाताचं बोट दिसेना. मी आणि बाई पोचलो तेव्हा सगळ्या बायका मागच्या शेताच्या बांधावर उभ्या होत्या, काळ्या ठिक्कर, पण धडधाकट, आणि प्रत्येकीच्या पायात चपला. त्यांच्यातली वयाने मोठी बाई पुढे आली आणि म्हणाली, "दार कुनाला आठवतंय बाय? आमी चपला घ्यायला पळालो गं." बाईंनी तिला मिठी मारली. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा रडताना बघितलं. माझा राग त्या बांधावरच संपला.

पुढच्याच महिन्यात साहेब न कळवता आमच्या गोदामात आले. स्टेज नाही, हार नाही. वळसा घालून आले, मागच्या दारात बूट काढले आणि साध्या खुर्चीवर बसून सही केली. त्या करारावर आमची संस्था आजही उभी आहे.

बाई निवृत्त झाल्या आणि पोशीरला भातशेतीत रमल्या. गेल्या वर्षी झोपेतच गेल्या. शोकसभा आमच्याच हॉलमध्ये ठेवली. मी सुन्न होऊन बसलो होतो, आजूबाजूला काय चाललंय याकडे लक्ष नव्हतं. बोलायला उभा राहिलो आणि दारावर थाप पडली. सगळे चमकून बघायला लागले, कारण थाप बाईंच्या फोटोमागून येत होती. मोकळी भिंत म्हणून सुदामने टेबल, फोटो, हार, समया, सगळं मागच्या दारापुढे मांडलं होतं.

बाहेरून आवाज आला, "सर, दार लावलंय का? आमी आलोय."

फरसाणवाल्या बायका होत्या. कामाची पाळी संपवून टेंपोने थेट आल्या होत्या आणि सवयीने वळसा घालून मागे गेल्या होत्या. मला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर रडूही. मी फोटो छातीशी धरला, सुदामने टेबल ओढलं आणि आम्ही दार उघडलं. बायका अनवाणी आत आल्या. त्यांच्या मागे पायरीवर चपलांची रांग होती.

बाईंची शोकसभाही उशिराच सुरू झाली.