‘पण’च्या पुढचं

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याला तिच्याकडेच निघाले होते, साडीच्या निऱ्या करत होते. फोन यांनी घेतला. ‘हो... हो...’ एवढंच म्हणाले आणि रिसीव्हर ठेवून माझ्याकडे पाहत राहिले. मी निऱ्या खोचल्या, पदर नीट केला, तिच्यासाठी काढून ठेवलेली संत्री पिशवीत टाकली. कळलं होतं, तरी टाकली. आता महिना होऊन गेला. लोक म्हणतात, रडून मोकळी हो. पण रडूच येत नाही. तिच्याविषयी लिहायला मात्र बसले, कारण एक गोष्ट मला कुणाला तरी सांगायचीच आहे.

ताई, म्हणजे सुनंदा, माझी थोरली बहीण. आमचं माहेर देवळीचं, वडील शाळामास्तर. नव्वदच्या दशकात घरोघर फोन येऊ लागले तेव्हा ती देवळीहून जाऊन-येऊन हिंगणघाटला टेलिफोन खात्यात इंजिनीअर होती. कोणत्या ग्राहकाला केबलमधली कोणती तांब्याची जोडी द्यायची, हे तिच्याकडे असे. एका केबलमध्ये अशा कितीतरी जोड्या अंगाला अंग लावून. पाणी शिरलं की एकीतलं बोलणं दुसरीत उतरायचं. लोक म्हणायचे, ‘क्रॉस लागला.’ डॉक्टरच्या शेजारी अडत्याची जोडी आली की रोग्याची विचारपूस आणि कापसाचा भाव एकदमच ऐकू यायचे. ‘पंगत बसवणं हाये हे,’ ताई म्हणायची, ‘कोण कोणाच्या बाजूले बसन, ते पाहा लागते.’ मोकळ्या जोड्या कमी, मागणारे जास्त, आणि ही कुणाच्या ओळखीला भीक घालायची नाही. तारा तपासताना तिच्या कानावर काय काय पडत असेल! मी खोदून खोदून विचारायची. ‘आपल्या कानात सांडलं म्हणून ते आपलं होते काय?’ असं म्हणून ती माझं तोंड बंद करायची. फार शिष्ट वाटायची मला तेव्हा.

त्याच सुमारास मला हिंगणघाटचं स्थळ आलं. कापडाचं दुकान, घरी फोन. मंडळी पोहे खाऊन, ‘कळवतो’ म्हणून गेली, ती गप्पच बसली. मला मुलगा मनापासून आवडला होता. माझ्या तोंडचं पाणी पळालं, बाबांना जेवण जाईना. ताई मात्र रोज ड्यूटीवर जायची, यायची, त्या विषयावर चकार शब्द काढायची नाही. शेवटी होकार आला, लग्न झालं, संसार सुरू झाला. तेव्हापासून ताईला एक खोड लागली. माहेरी गेले की मला स्वयंपाकघरात गाठायची. ‘सगळं बरं हाये ना गं? खरं सांगजो.’ सर्दीने माझे डोळे लाल असले तरी हिचा चेहरा उतरायचा. एकदा मी चिडलेच. ‘काऊन विचारते तू मले सारखी सारखी? मारते काय ते मले?’ ती ताटं पुसत राहिली.

पुढे ती बदलून वर्ध्याला गेली आणि रस्त्याच्या कडेने ऑप्टिकल फायबर पडली. केसासारखी काच तळहातावर ठेवून तिने मला दाखवली. यातला उजेड शेजारच्या तंतूत जात नाही, म्हणजे क्रॉसची कटकट मिटली, असं मी म्हटलं. ती हसली. एकाच तंतूत उजेड वाहून नेणारे अनेक गाभे बसवायचा विचार चालला आहे, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. ‘इतक्या जवळ बसवले का उजेडबी सांडन पाहाय. मंग पुन्हा पंगत बसवाच लागन.’ इतकी खुशीत मी तिला क्वचितच पाहिली...

ती गेली त्याच्या आदल्या दुपारी मी दवाखान्यात तिच्याजवळ होते. थांबत थांबत बोलली. ‘तुयं स्थळ आलं होतं तवाची गोष्ट हाये. त्यायच्या बाजूच्या किराणावाल्याची तक्रार होती, दुसऱ्याचं बोलणं येते म्हणून. मी तपासाचा फोन त्याच्या तारेवर लावला, तं जावई बोलून राह्यले होते दोस्तासंग... पोरगी मले पसंत हाये, पण... तिथंच मी फोन काढला. खांबावरच्या डब्यात एकच चांगली जोडी उरली होती, ते किराणावाल्याले देऊन टाकली. पुढचं ऐकाचं नव्हतं मले. मंग जनमभर तोच “पण” ऐकू येत राह्यला. तुया डोळ्यांत पाणी दिसलं का वाटे, ऐकून घेतलं असतं तं बरं झालं असतं...’ मग माझा हात धरून म्हणाली, ‘काय होतं गं त्याच्यापुढं?’

संध्याकाळी घरी येऊन मी यांना विचारलं. आधी आठवेना. मग एकदम हसत सुटले. ‘अवं, पण तिच्या ताईचा लई भेव वाटते, असं म्हणलं होतं मी! पोहे खाताना तिनं असं पाह्यलं मले, का चमचाच पडला हातातून.’ मीही पोट धरधरून हसले. ताईला लगेच फोन करता आला असता. पण मला ती हसताना पाहायची होती, म्हणून सकाळी जायचं ठरवलं.

तिला देवळीला आणून माहेरच्या ओसरीवर ठेवलं होतं. हे पुढे झाले, हात जोडून तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, ‘ताई, पण तुमचा भेव वाटत होता हो.’ बायकांना वाटलं, जावई काही चुकल्याची माफी मागताहेत. दोघी-तिघी हुंदके द्यायला लागल्या. मी तिच्या तोंडाकडे पाहत उभी राहिले, आता हसेल म्हणून.