सात्या खाऊ नये, असं मी लिहिलं

माझ्या आत्याचा चाळीस वर्षांचा धंदा मी दोन दिवसांत बुडवला. कोणाची मदत घेतली नाही, सगळं एकट्यानं केलं.

मी ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. आमची पोरं-पोरी खेड्यांतून जीपमध्ये कोंबून येतात, बाहेरची जाडजूड पुस्तकं त्यांना परवडत नाहीत. म्हणून मी मुक्त शैक्षणिक साहित्याच्या नादी लागलो. म्हणजे कोणीतरी भला माणूस पुस्तक लिहितो, इंटरनेटवर टाकतो आणि सांगतो, वाचा, छापा, वाटा, आपापल्या गावाप्रमाणे बदला, फक्त माझं नाव ठेवा. मी वाचलं, छापलं, वाटलं, नावही ठेवलं. बदलायचं तेवढं राहिलं. (एवढ्या मोठ्या विद्यापीठाच्या माणसाला मी काय शिकवणार?)

पुस्तक थंड मुलखातलं होतं. रानातली अळिंबी कशी ओळखावी, यावर त्यात एक पान होतं. पांढरी छत्री, छत्रीखाली पांढऱ्या पट्ट्या, देठ जमिनीत रुतलेला. असं काही दिसलं तर हात लावू नये. त्या मुलखात ते खरंच असणार. मी एका बैठकीत भाषांतर केलं, वर कॉलेजचं नाव टाकलं, खाली लाल अक्षरांत ‘खाऊ नये’ लिहिलं आणि वर्गाच्या ग्रुपवर सोडून दिलं. दिवस पावसाळ्याचे. या दिवसांत आमच्याकडे वारुळांवर सात्या उगवतात. पांढरी छत्री, खाली पांढऱ्या पट्ट्या, देठ जमिनीत रुतलेला. वर्षातून दोन-तीन आठवडे सगळा तालुका ही भाजी मटणाच्या वर मानतो. मी स्वतः लहानपणापासून खात आलोय. तरी भाषांतर करताना माझ्या डोक्यात ती आली नाही. डोक्यात फक्त क्रियापदं होती.

दोन दिवसांत ते पान माझ्या बायकोच्या महिला मंडळातून फिरून आमच्याच घरी आलं.

“अहो, हे तुमीच लिवलं ना?” शोभानं विचारलं.

“भाषांतर केलं फक्त,” मी विनयानं म्हणालो. विनय करताना छाती किती फुगते ते मला त्या दिवशी कळलं.

दुपारी आत्या आली. सात्यांच्या दिवसांत आत्या रोज पहाटे रानात जाते, पहिल्या जीपनं बाजारात येते आणि पळसाच्या पानांवर सात्यांचे वाटे मांडून बसते. अकरापर्यंत टोपली रिकामी करून घरी जायची तिची रीत. त्या दिवशी टोपली भरलेली होती.

“काय झालं का मालूम नाई, बाबू,” ती ओट्यावर बसत म्हणाली. “कालपासून लोकं टोपली पाह्यते अन् मांगं सरते. रोज वाटा घेते त्या बाईनं मोबाइल दाखवला. कोण्या मास्तरनं लिवलं म्हणते. मले वाचता येते का? तू वाचून दाखव.”

मी वाचून दाखवलं. शोभा कुकरचं झाकण पुसत होती. ते आधीच पुसलेलं होतं.

“म्हणजे मी चाळीस वर्सं लोकायले जहर खाऊ घातलं?” आत्या म्हणाली. रागानं नाही. खरंच विचारत होती. “तुहा बाप गेला तवा तुमच्या घरी हेच आणून देत होती मी.”

माझे वडील गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिच्या हातचं खाऊन मी मोठा झालो आणि तिच्या हातावरच शंका घेणारा मीच. मी सांगून टाकलं की तो मास्तर मी आहे. तिनं टोपली उचलली आणि पाणीही न पिता निघून गेली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी लगेच ग्रुपवर दुरुस्ती टाकली. ‘सर, मंग पहिलं खरं का दुसरं?’ एकानं विचारलं. दुसरीनं लिहिलं, ‘सर, तुमचा फोन हॅक झाला काय?’ पहिलं पान गावभर पळालं होतं, दुसरं माझ्याच वर्गात बसून राहिलं. दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून आत्याशेजारी बाजारात बसलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावू लागलो. त्यानं उरलीसुरली दोन गिऱ्हाइकंही गेली. प्रोफेसर स्वतः बसला म्हणजे मामला गंभीर आहे, असं लोकांना वाटलं.

“तू जाय बरं घरी,” आत्या म्हणाली.

“तू कॉलेजात चाल,” मी म्हणालो. “माह्या पोरायले तूच सांग.”

ती दोनदा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा शोभानं जाऊन तिला आणलं. आत्यानं टेबलावर टोपली ठेवली, एक सात्या उचलली आणि देठाखालची लांब मुळी दाखवली. ही मुळी थेट वारुळात जाते, असं सांगितलं. तिनं वास घ्यायला लावला, मोडून दाखवलं. मग रानातून मुद्दाम आणलेली दुसरी एक, तशीच पांढरी, अलगद पानावर ठेवली. “हे सात्यासारखं दिसते, पण नोहे. पक्की ओळख नसन तर सख्खी माय वाढत असन तरी खाऊ नोको.” तासभर कोणी मोबाइल काढला नाही. माझ्या तासाला असं झालेलं मला आठवत नाही.

नवीन पान तिच्या सांगण्यावरून लिहिलं, वर लेखिका म्हणून तिचं नाव. पोरींनी ते घरोघरी वाचून दाखवलं. चौथ्या दिवशी मी बाजारात तिची टोपली उचलायला गेलो, तर रोजची बाई परत आली होती. तिनं दोन वाटे पिशवीत घातले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “हे कोण, वं?”

“माहा भाचा,” आत्या म्हणाली. “कॉलेजात शिकवते. पण तसा चांगला आहे.”