खडी की टर्फ, हे आज्जीच्या पायांनी ठरवलं

मंडळी, आज सकाळी आमच्या पिरनवाडीच्या घरी, मागच्या परड्यातल्या बॅडमिंटन कोर्टासाठी खडी आली. हट्ट माझाच. मुलगा टर्फ घालू म्हणत होता, पण मला ते प्लास्टिकचं गवत नको होतं. खडीवर पावलं करकरतात ना, तेव्हा मला शाळेत तालावर म्हटलेल्या कविता ऐकू येतात.

नमुना म्हणून थोडी खडी पसरली. नात सई रॅकेट घेऊन उभी राहिली. "आज्जी, ये गं खेळायला!"

आमची ही जांबोटीची. शाळेत खो-खो खेळायची. लगबगीनं आली, कडेला चपला काढल्या, वाकून जमिनीला हात लावला, कपाळाला लावला. दोन पावलं टाकली आणि थांबली.

"आज्जी, चप्पल घाल की!"

"खेळाच्या जागेत चप्पल घालून कोण जातंय व्हय गं? खेळ तू. मी हितनंच बघीन."

मी म्हणालो, "अगं, होईल सवय."

"पायास्नी कविता कळत न्हाय वो! त्यास्नी खडी नुसती टोचती."

मग मुलाला म्हटलं, "टर्फच सांग रे." तो हसला. "आप्पा, खडी वाया जात न्हाय. टर्फच्या खाली तीच दाबून बसवत्यात."

आता पायरीवर बसलोय. डोळे मिटले की हिरव्या कोर्टावर एक अनवाणी मुलगी पळताना दिसते. इतकी वर्षं संसार केला, पण हिला खेळताना मी कधी पाहिलेलंच नाही.

तुमच्या घरातली बाई लहानपणी काय खेळायची? विचारलंय कधी?