जाडे गव्हले

मनगटाच्या ऑपरेशननंतरचं प्लास्टर निघालं, पण बोटं लाकडासारखी ताठ राहिली. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं रोज अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पीठ बारीक वळायला सांगितलंय. म्हणून आज सकाळी ह्यांनी रवा दुधात भिजवून, मळून माझ्यापुढं ठेवला.

चिमटीत तो ओला गोळा आला आणि माहेरची एक दुपार आठवली. ताईच्या लग्नासाठी बायका ताटांभोवती बसून गव्हले वळत होत्या. आईच्या बोटांतून ते बोलता बोलता, न बघता गळायचे. तांदळाच्या दाण्याएवढे, दोन्हीकडे टोकदार. माझे मात्र अळीसारखे जाड. "हे रुखवतात नकोत गं," म्हणत आई ते वेगळ्या वाटीत काढायची. मला फार राग यायचा.

आज अर्ध्या तासात सात झाले. जाडे, वाकडे, एक तर मधेच तुटलेला. इतकी वर्षं पोळ्या लाटलेला हात पुन्हा दहा वर्षांच्या मुलीचा झाला होता.

"हे टाकून देऊ का?" ह्यांनी विचारलं.

ताई सासरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी घर अगदी गप्प होतं. तेव्हा आईनं ती वाटी काढली आणि आम्हा दोघींपुरती खीर केली. "चांगले होते ते गेले सासरी," ती म्हणाली होती, "हे आपले घरात राहिले."

मी ताट जवळ ओढलं.

"टाकायचे नाहीत," मी म्हटलं. "दूध तापत ठेवा."