शिष्यवृत्तीची पाहणी आणि शेजारणीच्या खुर्च्या

माझं शिक्षण चौथीपर्यंत. कसबा पेठेत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. लोक धडाधड स्कूटर घ्यायला लागले आणि दुकान बसलं. नेमका तेव्हाच मुलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. फी आमच्या आवाक्याबाहेरची. तिने एका ट्रस्टकडे शिष्यवृत्तीचा अर्ज केला. शिष्यवृत्ती मिळाली तरच कॉलेज, नाहीतर घरी बसायचं. ट्रस्टवाले आधी घर बघायला येत. गरज खरी आहे का, एवढंच बघायचं.

हे मी बायकोला नीट सांगितलं होतं. तिने ऐकलं एवढंच, की घरी पाहुणे येणार.

पाहणीच्या दिवशी बाहेरून आलो तर घर ओळखू येईना. समोरच्या शेजारणीच्या गादीच्या खुर्च्या, तिचेच सोनेरी काठाचे कप.

"अगं, लग्न आहे का घरात?"

"अहो, मोठी माणसं. त्यांना काय चटईवर बसवू?"

तेवढ्यात ट्रस्टचे गृहस्थ आलेच. खुर्चीत टेकले, शिऱ्यातला काजू चमच्यावर धरून म्हणाले, "छान. आता आमच्या ट्रस्टलाच थोडी देणगी द्या."

मुलगी रडायच्या बेतात. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर बायकोने डोळे वटारले.

तोच शेजारीण दारात. "वहिनी, आमचे व्याही न कळवता आलेत. खुर्च्या द्या हो. आणि कपसुद्धा."

गृहस्थांनी एका घोटात चहा संपवला, कप तिच्या हातात दिला आणि चटईवर बसले. "बाई, मी तुमची अडचण बघायला आलोय. तीच लपवलीत?"

"अडचण बघा की हवी तेवढी," बायको म्हणाली. "पण चहा चांगल्या कपातच प्यायचा."

माणूस ठसका लागेस्तोवर हसला. शिष्यवृत्ती मिळाली.

मुलगी आता हडपसरला आयटीत आहे. रविवारी त्याच ट्रस्टसाठी घरं बघत फिरते. दिवाळीआधी बायको गेली. घर खायला उठतं, खोटं कशाला बोलू? परवा मुलगी आली ती हसतच.

"बाबा, आज एका घरी पोहे दिले. ताटलीवर नाव मात्र शेजाऱ्यांचं कोरलेलं!"

"मग?"

"मग काय, आणखी मागून घेतले आणि होकार लिहिला."

बायको असती तर तिने एकच गोष्ट विचारली असती. ती मीच विचारली. "मीठ बरोबर होतं का?"

"कमी होतं," मुलगी म्हणाली. "पण आईला सांगू नका."