फणसळकरांच्या नावाचा गॅस

सोमवारी सकाळी सहा वाजून पंचवीस मिनिटांनी सरिता टिपणीस इमारतीच्या तळघरात वाकून गॅसच्या मीटरवरचे आकडे मोबाइलच्या उजेडात वाचत होती. २००९चा जानेवारी. जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत आठवडाभर पारा शून्याच्या बराच खाली होता आणि तळघरातही तोंडातून वाफ निघत होती. कागद वरच राहिला होता, म्हणून आकडे तिने पेनने मनगटावर लिहून घेतले. मीटरला चिकटवलेल्या पट्टीवर नाव होतं फणसळकर.

भास्कर फणसळकर पुण्याला परत जाऊन पाच वर्षं झाली होती. तो कॉलेजात सरिताच्या नवऱ्याच्या, श्रीनाथच्या पुढे होता. जाताना त्याने हा फ्लॅट श्रीनाथ आणि सरिताच्या हवाली केला, आणि त्यासोबत पाच लिटरचा कुकर, मिक्सर, दोन गाद्या आणि गॅसचं कनेक्शनही. भाडेकरार तेवढा नव्याने झाला. गॅसकंपनीला कोण कळवत बसणार, पैसे आपल्या खात्यातून जातील, नाव आपल्याच माणसाचं आहे, असं श्रीनाथ तेव्हा म्हणाला होता. भास्करलाही ते घर एका नागपूरच्या जोडप्याकडून असंच मिळालं होतं. त्या जोडप्याचा पोळपाट सरिता अजून वापरायची.

गॅसचा दर एप्रिलअखेरपर्यंत बांधलेला होता. या शुक्रवारपर्यंत होकार दिलात तर तोच दर आणखी दोन वर्षं ठेवू, मात्र मधे सोडता येणार नाही, असं कंपनीने कळवलं होतं. वर्षभर दर चढतच आले होते. युक्रेनमधून येणारा रशियाचा गॅस गेल्या आठवड्यात बंद पडला आणि तेव्हापासून टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. तेल उतरलंय, उन्हाळ्यापर्यंत गॅसही उतरेल, असं सांगणारेही होते. सरिताला दराची फारशी पडली नव्हती. होकार दिला असता तर पुढची दोन वर्षं आपण इथे आहोत, हे त्या घरात एकदा कुणीतरी बोलल्यासारखं झालं असतं.

ते कुणी बोलत नव्हतं. श्रीनाथची कंपनी गाड्यांच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायची. डिसेंबरच्या सुरुवातीला कंपनीने श्रीनाथसह वीस जणांना नोटीस दिली. मार्चअखेरपर्यंत पगार मिळेल, पण उद्यापासून यायची गरज नाही. श्रीनाथचा इथे राहायचा परवाना त्या नोकरीवर होता आणि सरिताचा श्रीनाथवर. पुण्याची तिची बी. फार्म. जर्मनीत चालली नव्हती, म्हणून ती पस्तिसाव्या वर्षी एकोणीस-वीसच्या मुलींबरोबर औषध-सहायकाच्या शाळेत बसत होती. शाळा आणि मग दुकानातली उमेदवारी धरून शेवटची परीक्षा पुढच्या वर्षी मार्चमध्ये होती. त्याआधी निघाली असती तर हातात कुठलाच कागद राहणार नव्हता.

ती वर आली तेव्हा श्रीनाथ दाढी करून, शर्ट घालून स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसला होता. नोकरी होती तेव्हा तो याच वेळी निघायचा.

"मिळाले आकडे?"

"मिळाले. आज फोन करून टाकते. करू ना?"

"बघू."

"शुक्रवारपर्यंतच आहे."

"बघू म्हटलं ना. भाव उतरणारेत. सगळे म्हणतायत."

"सगळे म्हणजे कोण?"

"नेटवर."

"मग रशियालाच फोन करून विचार की."

श्रीनाथ थोडा हसला. महिन्याभरात पहिल्यांदा.

"आई, मिर इस्ट काल्ट," आठ वर्षांची स्वानंदी बाथरूमच्या दारातून म्हणाली.

"मराठीत थंडी वाजली तर मोज्यांचे दोन जोड मिळतील."

"नाइन," असं जर्मनमध्येच नाही म्हणत स्वानंदी एकाच जोडावर समाधान मानून निघून गेली.

जेवणाच्या सुट्टीत सरिताने शाळेच्या व्हरांड्यातून कंपनीला फोन लावला. ग्राहक क्रमांक सांगितला, मनगटावरचे आकडे वाचून दाखवले.

"आल्झो, फ्राऊ फान्सालकार," पलीकडची बाई म्हणाली. पाच वर्षं सरिता या कंपनीच्या फोनवर याच नावाला ओ देत होती. आधी खुलासा टाळायला, पुढे सवयीने. "सगळं ठीक आहे. फक्त तुमच्या मिस्टरांची सही लागेल. करार त्यांच्या नावावर आहे."

"ते प्रवासात आहेत."

"कधी परततील?"

"विचारून सांगते," सरिता म्हणाली.

चार वाजता तिने ट्रामच्या थांब्यावरून पुण्याला फोन केला. तिकडे रात्रीची जेवणं चालली होती, ताटांचे आवाज येत होते.

"बोला वहिनी. काय म्हणतंय आमचं कार्ल्सरूहे?"

"गोठलंय. भावजी, एक सही हवी होती. गॅसवाल्यांच्या लेखी मी अजून तुमचीच बायको आहे."

"कुसुमला ऐकू जाईल, हळू," भास्कर म्हणाला. कुसुम म्हणजे त्याची खरी बायको. तिचं हसणं मागून ऐकू आलं.

सरिताने दोन वर्षांच्या दराचं सांगितलं.

"पण वहिनी, मी तर करार बंद करायचं पत्र पोस्टात टाकलंय. गुरुवारी. एप्रिलअखेर संपवा म्हणून. पोचेल या आठवड्यात. श्रीनाथनेच सांगितलं."

"श्रीनाथने."

"म्हणजे, मे महिन्यापासून इथे आमच्या कंपनीत नोकरीची जागा आहे ना. त्याने हो म्हटलंय. तुम्हाला माहितीये ना?"

"हो," सरिता म्हणाली. "माहितीये. पत्राचं तेवढं लक्षात नव्हतं."

"स्वानंदीच्या शाळेचं कुसुम बघतेय. आणि फ्लॅटला एक मुलगा आहे, निहार म्हणून, तिथे पीएचडीला येतोय. कुकर, गाद्या त्याला देऊन टाका. गॅस मात्र या वेळी त्याच्याच नावावर करायला सांगा बरं का. फार लफडं होतं."

"सांगते," सरिता म्हणाली. ट्राम आली. ती चढली, स्वानंदीला शाळेतून घेतलं, वाटेत दूध घेतलं.

घरी श्रीनाथने खिचडीचा कुकर लावला होता. स्वानंदी आतल्या खोलीत गेल्यावर सरिता म्हणाली, "भावजींशी बोलले."

त्याने शेगडीचं बटण कमी केलं. "आज सांगणार होतो."

"माझी परीक्षा मार्चमध्ये आहे. पुढच्या."

"माहितीये मला."

"मी आणि स्वानंदी तेवढं वर्ष राहिलो तर?"

"विचारलं मी. परदेशी लोकांच्या परवान्याच्या ऑफिसात जाऊन आलो. तुझ्या शाळेचं सगळं सांगितलं त्या बाईला. तुझं एकटीचं उत्पन्न दाखवा म्हणाली. ते कुठून दाखवणार?"

"कधी गेला होतास?"

"डिसेंबरात."

"आणि मला आत्ता कळतंय. तेही पुण्याहून."

"तुझी केमिस्ट्रीची परीक्षा चालू होती तेव्हा."

"पास झाले मी," सरिता म्हणाली.

कुकरची शिट्टी झाली. तिने नळाखाली मनगट धरून साबणाने घासलं. आकडे पुसट झाले, पण वाचता येत होते. कंपनीचं पत्र फ्रिजवर लोहचुंबकाखाली होतं. ते तिने काढलं नाही. शुक्रवारची आता वाट बघायची नव्हती.

तिघं जेवली. स्वानंदीने लोणचं मागितलं, जर्मनमध्ये, आणि या वेळी तिला कुणी टोकलं नाही. नंतर सरिता उद्याचं पुस्तक उघडून बसली आणि बराच वेळ एकाच पानावर होती.

जिन्यात लावलेल्या सूचनेप्रमाणे उद्या, मंगळवारी, सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान धुराडी तपासणारा माणूस बाथरूममधला गॅसचा बॉयलर बघायला येणार आहे. त्या वेळी घरात कुणीतरी असावं लागतं. सरिताची शाळा पावणेआठला सुरू होते. श्रीनाथ घरी असेल.